पहिल्या खणातली सुपारी

लिंबाजी महाराज कीर्तनाला उभे राहिले की कुरुंद्याच्या मारुतीसमोर पाखरूसुद्धा हलत नसे, असं उत्तमराव सांगतात. पाखरांचं मला ठाऊक नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी पाय हलवत नसे, एवढं खरं. मागे पार चपलांपाशी बसलेल्यालाही वाटायचं, महाराज आपल्यालाच सांगून राहिलेत.

मग गळ्याला गाठ झाली. नांदेडला ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण तिच्यासोबत आवाजही गेला. उरली ती कुजबूज, हळदीच्या वाळल्या पाल्यातून वारा जावा तशी. तेव्हापासून महाराजांनी देवळाची पायरी चढणं सोडलं. कुणी बोलवायला गेलं तर गळ्याला हात लावायचे, आकाशाकडे बोट दाखवायचे आणि हसून चहा पुढे करायचे.

उत्तमराव त्यांचे जुने टाळकरी. हळदीचं वावर पोरांवर सोडून महाराजांच्या मागं गावोगाव फिरलेला माणूस. टाळकऱ्यांच्या रांगेतली पहिली जागा महाराजांची, तिथं त्यांनी कुणाला उभं राहू दिलं नाही. दरवर्षी सप्ताहात त्या जागी घडी घातलेली सतरंजी, तिच्यावर महाराजांचे टाळ आणि टाळांच्या मधोमध एक सुपारी. पूजेला घरधनीण हजर नसली की तिच्या जागी सुपारी मांडतात ना, तसं.

फिरता फिरता उत्तमरावांनी एक चांगलं काम करून ठेवलं होतं. जिथं कीर्तन, तिथं त्यांचा टेपरेकॉर्डर. पत्र्याची पेटी भरून कॅसेटी झाल्या होत्या. पण कॅसेटीला बुरशी धरायला लागली आणि महाराजांची लेक रागिणी जागी झाली. ती बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायची. एकेक कॅसेट पुसून, सुकवून, कॉम्प्युटरात उतरवून घ्यायला लागली. सीडीवर घातलेली कीर्तनं उन्हाळ्यात खराब झाली, म्हणून हार्ड डिस्कवरच ठेवायची असं तिनं ठरवलं. ती डिस्क भरून गेली आणि नेमकी काल्याच्या कीर्तनाची कॅसेट तेवढी राहिली. आवाज जायच्या आधीचं महाराजांचं ते शेवटचं कीर्तन. फीत इतकी झिजलेली की रागिणी म्हणाली, "ही एकदाच चालेल. दुसऱ्यांदा लावली तर तुकडे हातात येतील."

चंद्रभागाबाई म्हणजे महाराजांच्या मालकीणबाई. त्यांनी पदर खोचला. "यंदा काल्याच्या दिवशी हेच कीर्तन देवळात लागलं पाहिजे. त्या आवाजामागं तरी हे घराबाहेर पडतील. दुसरं एखादं पुस आन् जागा कर."

"कोणतं पुसू, वैनी?" उत्तमराव कळवळले. "शिरड शहापूरचं पुसू? त्यात महाराजांनी सरपंचाला झोपेतून उठवून रडवलं होतं. कनेरगाव नाक्याचं पुसू? धाब्यावरले ट्रकवाले गाड्या सोडून ऐकत बसले होते त्यात."

"मंग माझं डोकं पुसा," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

तेव्हा रागिणीनं पुण्याला करुणाला फोन लावला. दोघी कॉलेजात एका बाकावर बसलेल्या. करुणाच्या कंपनीत डिस्का ठेवायची एक मोठी पेटी मोडीत निघाली होती. करुणानं साहेबांना विचारून ती ट्रॅव्हल्सच्या टपावर चढवून धाडली. सोबत कॉम्प्युटरात बसवायचं कार्ड आणि केशरी रंगाची बारीक केबल.

पेटी महाराजांच्या घरात उतरवायला दोन गडी लागले. समोर झाकण, झाकणाआड ओळीनं खण, एकेका खणात एकेक डिस्क सरकवायची. उत्तमरावांनी केबल डोळ्यांजवळ धरली. "एवढ्या बारीक दोऱ्यातून कीर्तन जाईल व्हय?"

"त्यातून उजेड जातो, काका. कीर्तन उजेडावर बसून जातं."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. एवढं त्यांना पटलं.

पेटी बनवणाऱ्यांनी ती केव्हाच वाऱ्यावर सोडली होती. विकतच्या सिस्टिमवर ती चालवायची तर परवान्याचीच मोठी तकलीफ. रागिणीकडे मासिकासोबत आलेल्या सीडीवर लिनक्स नावाची फुकट सिस्टिम होती, तीच तिनं घातली.

"फुकट काहून देतेत?" उत्तमरावांना संशय आला.

"जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. आतलं सगळं उघडं ठेवलंय. कुणीही वाचावं, चुकलं तर दुरुस्त करावं, पुढच्याला द्यावं."

"म्हंजे भजनी मंडळच की! ज्याला येतं त्यानं म्हणायचं, दाराला कुलूप न्हाई."

करुणानं वेगळ्या बांधलेल्या डिस्का दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आल्या. रागिणीचा क्लास चालू होता, म्हणून तिनं खण कसे उघडायचे ते उत्तमकाकांना दाखवलं आणि काम त्यांच्यावर सोपवलं. ते आंघोळ करून आले, सोवळं नेसावं तशा गांभीर्यानं डिस्का सरकवल्या, झाकण लावलं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. रागिणी परत आली तेव्हा उदबत्ती जळत होती.

पण पेटी काही बोलेना.

कार्डाचा हिरवा दिवा लागला. पेटीतले पंखे पिठाच्या गिरणीसारखे घोंगावले. लिनक्सनं कार्ड ओळखलं, केबल ओळखली, समोर कुणीतरी आहे हेही ओळखलं. डिस्क किती? एकही नाही. रागिणीनं केबलीची टोकं अदलाबदल केली. कार्डाचा प्रोग्राम नव्यानं बांधायला घेतला. तो अर्ध्यावर आला की लाइट जायची आणि पहिल्यापासून सुरुवात. वसमतच्या इंटरनेट कॅफेत जाऊन तिनं फ्लॉपीवर आणखी नवा प्रोग्राम आणला. तोही तेच म्हणाला. सप्ताहाचा मांडव देवळापुढं पडला, विणेकऱ्यांचे पहारे लागले, रोजच्या पंगती उठायला लागल्या, तरी पेटी गप्प.

"काहून गं, अजून बोलत न्हाई का?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"न्हाई ना, माय."

"ह्यांना जोडीदार आला म्हणायचा घरात."

बाजेवर बसलेले महाराज पोट धरून हसले. आवाज नव्हता, पण बाज करकरत होती.

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी रागिणीनं शेवटचा मार्ग धरला. आतलं सगळं उघडं आहे ना, मग वाचूच. पेटीतल्या डिस्का शोधायचं काम जिथं लिहिलं होतं, ते पान तिनं पडद्यावर उघडलं आणि बोट ठेवून ओळीन् ओळ वाचायला लागली. मग थांबली.

"काका, हे पाहा. ही पेटी खणांना नंबर देते, पहिल्या खणाला शून्य. आणि हा प्रोग्राम आधी शून्यालाच हाक मारतो. तिथून ओ आली नाही, की घरात कुणीच नाही असं समजून परत फिरतो. पुढच्या खणांत कोण बसलंय ते पाहतच नाही."

 उत्तमरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

रागिणीनं झाकण उघडलं. दुसऱ्या खणापासून डिस्का शिस्तीत बसल्या होत्या. पहिला खण रिकामा होता, आणि त्यात मधोमध, थोड्या अक्षतांवर, सुपारी.

"काका!"

"पहिली जागा महाराजांची," उत्तमराव म्हणाले. "सगळी कीर्तनं त्यांचीच. मंग पहिल्या खणात दुसऱ्याला कसा बसवू?"

"अहो, तो हाका मारून राहिला आणि सुपारी काय ओ देणार?"

"तर मंग प्रोग्राम बदल. तूच म्हणलीस, उघडं हाय, कुणीबी दुरुस्त करावं. त्याला लिही की बाबा, पहिल्या जागेवर सुपारी हाय, पाया पड आन् पुढं जा."

रागिणीला हसू आलं, पण ती विचारात पडली. तसं लिहिता आलं असतं. दोन ओळींचं काम. उत्तमरावांचे डोळे भरून आले होते, आणि त्या माणसाची सुपारी उचलायला तिचा हात होईना. "बाबांनाच विचारू," ती म्हणाली.

महाराज बाजेवरून उठून पेटीपाशी आले. रागिणीनं सगळं सांगितलं. शून्य, हाक, परत फिरणं. त्यांनी वाकून खणातली सुपारी पाहिली. मग उत्तमरावांकडे वळून कुजबुजले. पंखे घोंगावत होते, म्हणून सगळ्यांनी कान जवळ नेले.

"उत्तमा, मी मेलो व्हय रे?"

"देवा! असं काय बोलता, महाराज?"

"मंग देवळात बी सुपारीच ठेवतोस ना माझ्या जागी?"

"तुमी येत न्हाई म्हणून..."

चंद्रभागाबाई दारातूनच म्हणाल्या, "त्याला काहून बोलता? येणारा पहिल्या जागेकडं पाहतो. तिथं तुमी न्हाई असं पाहिलं की निम्मं गाव प्रसाद घेऊन घरी जातं. इतके दिवस सुपारीच तर ऐकून राहिले लोक."

  महाराजांनी सुपारी उचलली, खण फुंकून साफ केला आणि हात पुढं केला. रागिणीनं शेवटच्या खणातली डिस्क काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती स्वतःच पहिल्या खणात सरकवली, बाळाला झोळीत ठेवावं तशी.

रागिणीनं पेटी नव्यानं चालू केली. पंखे घोंगावले, दिवे एकापाठोपाठ लागत गेले आणि पडद्यावर डिस्कांची नावं ओळीनं उभी राहिली. उत्तमरावांनी तिथंच टाळी वाजवली, "रामकृष्ण हरी!"

लाइट जायच्या आत रागिणीनं काल्याची कॅसेट लावली. ती खरखरली, एकदा अडखळली, ऐकायला जमलेल्या आम्हां सगळ्यांचे श्वासही अडखळले; पण शेवटच्या जयघोषापर्यंत गेली. बटण दाबताच फीत तुटली. तोवर कीर्तन पेटीत जाऊन बसलं होतं.

काल्याच्या दिवशी रागिणीनं कॉम्प्युटर आणि पेटी देवळात आणून मांडली, कर्णा जोडला. देवळासमोर जागा उरली नव्हती. टाळकरी उभे राहिले. उत्तमरावांनी सवयीनं सतरंजी अंथरली, टाळ ठेवले, मधोमध सुपारी ठेवली आणि मागं वळले. महाराज पायरी चढून येत होते, चंद्रभागाबाई मागं, जणू त्यांनी परतू नये म्हणून वाट अडवून.

महाराजांनी सुपारी उचलली, उत्तमरावांच्या हातात दिली आणि कुजबुजले, "ही तू खा. मला दात न्हाईत."

कर्ण्यातून आवाज आला. तोच, जवळचा. बायांनी पदर डोळ्यांना लावले. चंद्रभागाबाई मात्र कर्ण्याकडे पाहत नव्हत्या, पहिल्या जागेकडे पाहत होत्या. कर्ण्यातल्या महाराजांनी चाल धरली, पहिल्या जागेवरच्या महाराजांनी टाळ वाजवला, आणि रांग अभंग उचलून धरायला मोकळी झाली. उत्तमराव तोंडातली सुपारी चघळत होते, त्यांचा ठेका चुकला. महाराजांनी त्यांना कोपर मारलं, न वळता, पूर्वी मारायचे तसं.