भुरीचं तिसरं घर

मीटररूममध्ये चोवीस मीटर होते, दोन झिजलेले झाडू, रंगाचा एक रिकामा डबा आणि भिंतीला तिरका टेकवलेला प्लायवूडचा तुकडा. त्या तुकड्यामागे मांजराची तीन पिल्लं होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. म्हणजे वय आठवड्याच्या आत. आदल्या संध्याकाळी मी मोजली तेव्हा पाच होती.

पाचाची तीन झाली याचा मी एकच अर्थ लावला, की दोन बोक्याने खाल्ली. बोके पिल्लं मारतात हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि कॉलेजात त्यावर एक लेखही वाचलेला. तरी मी मांजरीची वाट पाहिली. चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. ती आली नाही. मग मी तिन्ही पिल्लं बुटांच्या खोक्यात घालून चौथ्या मजल्यावर घरी आणली.

आईने खोक्यात डोकावून पाहिलं आणि पुन्हा गॅसकडे वळली.

"किती दिवस?"

"तीन-चार आठवडे. मग देऊ कुणाला तरी."

"नावं ठेवू नकोस मात्र. नाव ठेवलं की मांजरही ठेवावं लागतं."

म्हणून त्यांना आकडे दिले. आईचा केकसाठी घेतलेला काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवतो. एक नंबर, करडं, एकशे बेचाळीस ग्रॅम. दोन नंबर, पट्ट्यांचं, एकशे छत्तीस. तीन नंबर, अर्धं तोंड काळं, एकशे अठरा. या वयाच्या पिल्लाचं वजन दिवसाला साधारण दहा ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं तर जगतं, घटत गेलं तर नाही. इतकं सोपं गणित होतं.

पिल्लांच्या दुधाची पावडर घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात मिळाली. जायला वीस मिनिटं लागली आणि यायला एक तास दहा. दर तीन तासांनी चार मिलिलिटर, सिरिंजने. नंतर ओल्या कापसाने पुसून शू करवायची, कारण या वयात ती त्यांना आपणहून होत नाही. तिघांचं आटपायला पाऊण तास, त्यानंतर सव्वादोन तास झोप, की पुन्हा गजर.

पहिल्या दिवशी मी त्यांना माणसाच्या बाळासारखं हातावर उताणं धरून पाजलं. एक नंबर सगळ्यांत अधाशी होतं. तिसऱ्या वेळी त्याच्या नाकातून दूध आलं. मी पुसलं आणि पुन्हा पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास घरघरायला लागला आणि त्याच्या पुढच्या सकाळी ते खोक्याच्या कोपऱ्यात थंड पडलेलं होतं. त्यानंतर मी वाचलं, की मांजराचं पिल्लू पोटावर ठेवून पाजायचं असतं, उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. हे आधी वाचायला पाच मिनिटं लागली असती. बोक्यांवरचा लेख मात्र मी पूर्ण वाचला होता.

मी कोलशेतला पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. दिवसा दूध पाजायला आई होती. ती कुरकुर करत पाजायची, पण वजनं बरोबर लिहून ठेवायची. लॅबमध्ये मी त्या आठवड्यात एकाच नमुन्याचं टायट्रेशन दोनदा बिघडवलं. थेंब पडत राहिले, रंग कधीच बदलून गेलेला, आणि मी बघत उभी.

"दिपिका, घरी जाऊन झोप," धनेश सर म्हणाले. "नाहीतर एक दिवस सगळ्या ठाण्याला जुलाब लावशील."

सोसायटीच्या ग्रुपवर पिल्लांचा फोटो टाकला होता. बारा जणांनी हृदयं पाठवली. एकीने विचारलं, पूर्ण पांढरं आहे का? डोंबिवलीच्या यज्ञेशला, माझ्या कॉलेजातल्या मित्राला, तोच फोटो पाठवला तर तो दोन्ही घेतो म्हणाला. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. त्याच्या बायकोला मांजराच्या केसांनी शिंका येतात. नुसता फोटो बघूनच दोन आल्या म्हणे.

जिन्यात रोज एक मांजरी ओरडायची. मीटररूमवाली असणार हे मला कळत होतं. बोक्याने खाल्लेल्या पिल्लांसाठी रडतेय, असं मी धरून चालले होते. दार लावून घ्यायचे, म्हणजे पिल्लं दचकू नयेत.

पाचव्या दिवशी, बुधवारी, सकाळी बेल वाजली. शेवंतीमावशी होत्या. आमच्या इमारतीमागच्या कोळीवाड्यातून आमच्याकडे मासे घेऊन येतात, मी शाळेत होते तेव्हापासून.

"काय गो, कोलंबी घेतेस का? ताजी हाय."

"आज नको मावशी."

त्या पाटी उचलणार इतक्यात आतून बारीक आवाज आला. त्यांनी पाटी पुन्हा खाली ठेवली.

"आत कोन हाय?"

मी खोकं आणून दाखवलं. मावशींनी दोन नंबरला बोटाने उलटंसुलटं केलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे तूच नेलीस. आमची भुरी पाच दिस झाले तुमच्या जिन्यात घसा फोडतेय. मी बोलते, हिला झालंय काय?"

"तुमची आहे ती?"

"माझ्या दारात खाते, म्हंजे माझीच."

"दोन पिल्लं बोक्याने खाल्ली मावशी, म्हणून मी..."

"कंचा बोका? ती दोन माझ्या घरात हायत, जाळ्याच्या ढिगात. मस्त लोळतात. अगो, मांजर पोरांना सात घरं फिरवते, ठाव नाय तुला? एकेक उचलून नेते. पहिलं घर शिंद्यांचा माळा, दुसरं पंपाची खोली, तिसरं तुमचा मीटर. चवथ्या घराला, माझ्या जाळ्याला, समदी येईपर्यंत तू मधीच हात घातलास. शिकलीस ना गो तू?"

मांजर सात घरं फिरवतं हे मीही ऐकलं होतं. ते छापलेलं कुठे वाचलं नव्हतं, इतकंच.

"तीन होती ना? तिसरं कुठाय?"

"गेलं. माझ्या हातून."

 मावशींनी पाटी डोक्यावर घेतली. "चल," म्हणाल्या.

निघण्यापूर्वी दोघांचं वजन केलं. दोन नंबर एकशे एकोणचाळीस. तीन नंबर एकशे नऊ. पाच दिवसांत त्याचं नऊ ग्रॅम घटलं होतं. आदल्या संध्याकाळपासून ते सिरिंज तोंडात धरतच नव्हतं. मी लॅबला फोन करून रजा टाकली. खोक्यात गरम पाण्याची बाटली ठेवली.

मावशींच्या पडवीत निळ्या-हिरव्या जाळ्यांचा कमरेएवढा ढीग होता. वरच्या घडीत भुरी आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं. माझ्या दोघांच्या जवळजवळ दुप्पट दिसत होती. मी काटा बाहेर काढला नाही.

मावशींनी तीन नंबरला हुंगलं. "ह्याला पावडरीचा वास येतोय."

"अंग पुसायला बेबी वाइप्स वापरले."

"बाय माझे! मांजर हाय का बारशाचा पोर?"

त्यांनी भुरीच्या खालचं फडकं ओढून काढलं, दोन्ही पिल्लांना त्याने खसाखसा पुसलं आणि जाळ्यावर, तिच्यापासून हातभर लांब ठेवलं. "आता तिला ठरवू दे. तू मागं बस."

मी मागे बसले. मावशी कोलंबी सोलायला लागल्या. सहाव्या मिनिटाला भुरी उठली, दोन नंबरला हुंगलं, मान धरली आणि पोटाशी नेऊन टाकलं. तीन नंबरपाशी आली, हुंगलं आणि परत गेली. ते ओरडलंही नाही. त्याच्यात तेवढं उरलं नव्हतं.

"मी परत पाजू का मावशी?"

"गप बस गो."

"पण मेलं तर?"

"तुझ्याकडे काय जगत होतं?" मावशींनी सोलायचं थांबवलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "जगली तर चारीपन मी ठेवनार. उंदीर जाळी कुरतडतात. जाळ्याला मांजर लागतंच. कुनाला फोटो पाठवू नको आता."

मी ग्रुपवरचा फोटो तिथेच काढून टाकला. भिंतीला टेकले, आणि बहुधा झोपले. जागी झाले तेव्हा पाऊण तास झाला होता. ठेवलं होतं तिथे तीन नंबर नव्हतं. भुरी आमच्याकडे पाठ करून, पाय पोटाशी घेऊन पडली होती. आत कोण पितंय आणि कोण नुसतं पडलंय, ते दिसत नव्हतं.

"उचललं का तिने?"

"उचललं. पिताना नाय बगितलं मी."

मी हात पुढे केला तशी भुरी गुरगुरली.

"उद्या ये," मावशी म्हणाल्या. "सकाळी ती मासे खायला उठते, तेवढ्यात बग. एकदाच."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी काटा घेऊन गेले. मावशींनी भुरीला दारात बोलावून मांदेलीची डोकी टाकली. ती उठली. मी काट्यावर फडकं ठेवलं, शून्य केलं आणि अर्धं तोंड काळं असलेलं पिल्लू उचलून त्यावर ठेवलं. आकडा दोनदा हलला आणि थांबला.

एकशे एकवीस ग्रॅम.