मयुरीचा हात

पाचवीच्या वर्गात मयुरीचा हात म्हणजे सरकारी शिक्का. गीता मॅडमनं फळ्यावर गणित सोडवून "समजलं का?" विचारलं, की सगळ्या पोरांच्या नजरा आधी मयुरीकडे वळायच्या. तिचा हात वर गेला, की अख्खा वर्ग हात वर करायचा. मध्य प्रदेशातल्या रामपायलीजवळच्या त्या शाळेत पुस्तकं हिंदीतली, मॅडमचं समजावणं मराठीतलं, अन् पोरांचं "हौ मॅडम" दोन्हीला सारखंच.

आता गंमत ऐका. अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली आणि आमच्या हुशार मयुरीबाईंच्या डोक्यात काही केल्या उजेड पडेना. अर्धा आणि एक तिहाई, म्हणजे एक तृतीयांश, मिळवायचे, तर खालचे दोन अन् तीन का नाही मिळवायचे? पण कबूल कोण करणार! तिची आई विमलाबाई वाटेवरच्या माणसालाही थांबवून पोरीची हुशारी सांगायची. ते नाव जाईल, या धास्तीनं मयुरी रोज हात वर करायची.

शनिवारी मॅडमनं छोटी चाचणी घेतली. पेपर परत दिले तेव्हा त्यावर गुण नव्हतेच. चुकलं तिथं फक्त लिहिलं होतं, 'हे कसं केलं, मला सांग.' मयुरीनं पेपर घडी घालून लपवला. शेजारी रूपाली डोळे पुसत होती.

"तू हात वर केला, म्हणून मीनं बी केला," ती म्हणाली. मयुरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मॅडमनं सगळ्यांना डोळे मिटायला लावले. आता ज्याला समजलं त्यानंच हात वर करायचा, कोणी कोणाकडे बघायचं नाही. मयुरीचा हात मांडीवरच राहिला. वर्गात आपण एकटीच ढ, या विचारानं तिला रडू यायला लागलं. राहवेना म्हणून तिनं डोळे किलकिले केले, तर एकही हात वर नव्हता.

मॅडमनं डोळे उघडायला सांगितले आणि कोणाचंही नाव न घेता पुन्हा खडू उचलला. मयुरी गप्प बसली असती तरी निभावलं असतं. पण रूपालीचं रडणं तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती उठली.

"मॅडम, मले नाही समजलं. मी खोटाच हात वर करत होती."

मॅडमनं तिला जवळ घेतलं आणि कुठं अडलं ते विचारलं. मयुरीनं आपली बेरीज सांगितली, दोन पंचमांश. मॅडम म्हणाल्या, अर्धी भाकर खाल्ली, वर आणखी तुकडा खाल्ला, अन् सगळं मिळून अर्ध्याहून कमी? पोरं हसली. मयुरीलाही हसू आलं.

"पोरी, हे तू आज सांगितलं म्हणून मले कळलं. इतके दिवस मी फळ्यालेच शिकवून राह्यली होती."

तेवढ्यात रूपाली भीत भीत उठली. तिला तिहाई म्हणजे काय तेच कळलं नव्हतं. मागून राजू उठला, मग अंकित, मग सगळेच एकदम बोलू लागले.

मॅडम खडू ठेवून पोरांच्या मधोमध खालीच बसल्या. "एकेकानं सांगा," त्या म्हणाल्या, "आज काही घाई नाही."