चाराचे आठ

मित्रांनो, मी पत्त्यांचा कॅट आहे, जुना आणि पुष्कळ हाताळलेला. माझी बावन्न पाने प्लॅस्टिकची आहेत, म्हणून मी चिखलात पडूनही वाचलो. त्या चिखलाची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. ती सांगताना माझा आवाज गोड राहिला नाही, तर रागावू नका.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. पण मला जग कळू लागले ते चिखला नावाच्या गावातल्या खाणीच्या वसाहतीत. तिथे एक इंजिनिअर साहेब मला घेऊन आले. साहेबांनी कामगारांना पोकर शिकवला आणि बदली होताच ते निघून गेले. जाताना त्यांनी मला गुलाबभाऊंच्या हातात ठेवले. गुलाबभाऊ जमिनीखाली काम करत. खेळण्याआधी ते साबणाने हात धूत, मगच मला उचलत. असा मान मला पुन्हा कोणी दिला नाही.

पैशाने खेळायचे नाही, हा गुलाबभाऊंचा नियम होता. पैशाऐवजी चिंचोके होते. तेही मनाला येतील तितके लावता येत नसत, डाव बांधलेला असे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पाने असत. मग मध्ये सगळ्यांसाठी तीन पाने उघडत, मग एक, मग शेवटचे एक. हातातली आणि मधली पाने मिळून ज्याची जोडी मोठी तो जिंके; दोन जोड्या एका जोडीवर भारी, तीन सारखी पाने त्याहून भारी. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन चिंचोक्यांची बोली, नंतरच्या दोन फेऱ्यांत चाराची. बोली लागली की तेवढे चिंचोके घालायचे, नाहीतर पाने सोडायची. वाढवायचे असेल तर तेवढ्याच मापाने, म्हणजे दोनाचे चार किंवा चाराचे आठ. त्यामुळे कोणी एका डावात उघडा पडत नसे. वसाहतीतल्या बाया-माणसांनी या खेळाचे नाव 'बांधी' पाडले होते. रविवारी दुपारी सभागृहात हसण्याचा नुसता गलका असे.

दरवर्षी मंडईच्या दिवशी बांधीची स्पर्धा व्हायची. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. नाटकाचा मांडव पडतो, लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरे भरतात. अशाच एका मंडईला भुपेंद्र हरत होता. हा भुपेंद्र गुलाबभाऊंचा मित्र. त्याचे ट्रक खाणीवर चालत. त्या दिवशी त्याची सासुरवाडी बघायला बसली होती. हरताना त्याने टाकलेल्या पानांतली चौकटची राणी हळूच खाली सोडली आणि पायाने गुलाबभाऊंच्या खुर्चीखाली सरकवली. मग तो ओरडला, "पाहा! पत्ता लपवते हा माणूस!"

ती राणी माझीच होती, मित्रांनो. तिच्या पाठीवरचा त्याच्या चपलेचा दाब मला अजून जाणवतो. पण पत्त्यांची साक्ष कोण घेतो?

भुपेंद्रने मला उचलले आणि दाराबाहेर नळाखालच्या चिखलात भिरकावले. गुलाबभाऊ बाहेर आले. चिखलात वाकून त्यांनी माझे एकेक पान वेचले, घरी नेऊन पुसले आणि स्टीलच्या डब्यात बंद केले. पुन्हा ते सभागृहाची पायरी चढले नाहीत. भुपेंद्र पुढे सभागृहाच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. गुलाबभाऊंची मुलगी रश्मी तेव्हा शाळेत होती. मुले तिला 'पत्तेचोराची पोरगी' म्हणत. ती घरी येऊन रडत नसे. ती डबा उघडायची, मला बघायची आणि झाकण दाबून लावायची.

वर्षे गेली. रश्मी तुमसरला बँकेत नोकरीला लागली. एका सुट्टीत तिने मला बाहेर काढले आणि बाबांसमोर ठेवले.

"बाबा, मले बांधी शिकवा."

"कायले?"

"भुपेंद्रकाकाले हरवाचं आहे."

गुलाबभाऊ उठून हात धुऊन आले.

त्यांचे शिकवणे माझ्या अजून ध्यानात आहे. त्यांनी माझे दोन राजे रश्मीच्या हातात दिले. "हा हात भक्कम आहे," ते म्हणाले, "पण नाजूकही आहे. एकटा गडी समोर असन त तूच जिंकते. चार गडी मांगं लागले त कोणाले ना कोणाले लागतेच. म्हणून गर्दी कमी कराची."

"मंग लगेच वाढवाचं ना."

"दोन चिंचोक्यानं कोणी पळत नाई, पोरी. हसत हसत टाकते. चाराचे आठ पडले का मंग माणूस इचार करते. तोवर राग गिळाचा."

राग गिळणे रश्मीला जमत नव्हते. मलाही जमत नव्हते. मला सूड हवा होता, आणि तोही लवकर.

पुढच्या मंडईला ती बाबांना न सांगता मला घेऊन मांडवात गेली. नाटकाला अजून वेळ होता, दुपारचे ऊन पडद्यावर होते. सगळ्यांदेखत ती भुपेंद्रला म्हणाली, "काका, याच पत्त्यांनी खेळू. तुमचे चिंचोके पहिले संपले त तुम्ही माइकवर खरं सांगाचं, आन् मंग माह्या घरी येऊन बाबाले सांगाचं."

"आन् तुह्ये संपले त?"

"त मी माइकवर म्हणन, माहा बाप चोर होता."

भुपेंद्र हसला. "आन् हे पत्ते मी चुलीत टाकन," तो म्हणाला. एवढ्या लोकांसमोर मागे हटणे त्याला शोभणारे नव्हते.

जोडीला दोघे बसले, म्हातारे डोमाभाऊ आणि शेजारच्या आनंदाबाई. वाटायला मंडळाचा एक माणूस होता.

सुरुवातीलाच रश्मीच्या हाती दोन राण्या आल्या. मला वाटले, झाले काम! तिलाही तसेच वाटले. मध्ये तीन पाने उघडताच तिने दोन चिंचोके आपटले, आणि तिघेही तिच्या मागे आले. पुन्हा बोली, पुन्हा तिघे मागे. शेवटच्या पानावर डोमाभाऊंना तिसरी पंजी लागली आणि त्यांनी ढीग ओढून घेतला. रश्मीचे कान तापले. "बापासारखीच घाई," भुपेंद्र म्हणाला.

त्यानंतर ती सावध झाली. हलके हात टाकून देत, थोडेथोडे जिंकत तिने दुपार काढली. भुपेंद्र मात्र प्रत्येक डावात हात घालत होता, कारण लोक बघत होते. त्याचे चिंचोके हळूहळू झिजत गेले.

आणि मग तिच्याकडे दोन राजे आले.

तिने दोनाचे चार केले. बाबा म्हणाले होते तसेच झाले, कोणी पाने सोडली नाहीत. मध्ये नव्वी, छक्की, दुर्री उघडली. रश्मी गप्प राहिली, बोली लावली नाही. पाळीप्रमाणे शेवटी बोलणाऱ्या भुपेंद्रने दोन लावले, तिने नुसते दोन टाकले. बाकीच्यांनीही टाकले. मी आतून ओरडत होतो, वाढव, आत्ता वाढव! पण पत्त्यांना तोंड नसते.

चौथे पान आले गुलाम. आता बोली चाराची. पहिली पाळी रश्मीची होती, आणि ती पुन्हा गप्प राहिली. मला धस्स झाले. भुपेंद्रनेही हात आखडता घेतला असता, तर पुढचे पान सगळ्यांना फुकट बघायला मिळाले असते. डोमाभाऊ गप्प. आनंदाबाई गप्प. भुपेंद्रने तिच्याकडे पाहिले. पोरगी घाबरली, असे त्याला वाटले असावे. त्याने चार चिंचोके पुढे सरकवले.

"आठ," रश्मी म्हणाली. आता डोमाभाऊ आणि आनंदाबाईंना एकदम आठ घालावे लागणार होते.

डोमाभाऊंनी खांदे उडवले आणि पाने टाकली. आनंदाबाई हातातल्या पानांकडे बघत राहिल्या. "चार असते त आलीच असती व माय," म्हणत त्यांनीही टाकली. भुपेंद्रने दात आवळून आणखी चार घातले. आता दोघेच उरले.

शेवटचे पान उघडले. एक्का.

"अगा बया!" आनंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "माह्यापाशी एक्का आन् छक्की होती! दोन जोड्या झाल्या असत्या!"

रश्मी गप्प राहिली. भुपेंद्रने आपले शेवटचे चार चिंचोके ढकलले. "एक्का आला, पोरी. सोड आता."

त्याच्याकडे एक्का असता, तर तिचे दोन राजे हरले असते. पण मध्ये एवढा ढीग होता आणि मागत होता तो फक्त चार. तिने चार टाकले. भुपेंद्रने पाने उलटली. एक राणी आणि एक नव्वी, नुसती नव्वीची जोडी. रश्मीने माझे दोन राजे एकेक करून त्याच्यासमोर मांडले. मुद्दाम सावकाश. ते सावकाशपण मला फार आवडले.

भुपेंद्रने माइक हातात घेतला. "गुलाबभाऊनं पत्ता लपवला नोहता. म्याच पायानं सरकवला होता." कोणी टाळी वाजवली नाही. त्याची बायको उठून मांडवाबाहेर गेली.

मग रश्मी त्याला घराकडे घेऊन निघाली. अर्धी वसाहत मागून आली. गुलाबभाऊ अंगणात खाटेवर बसले होते. भुपेंद्र खाली मान घालून तेच वाक्य पुटपुटला.

"आं?" गुलाबभाऊंनी कानामागे हात धरला. "ऐकू नाई आलं."

भुपेंद्रने पुन्हा सांगितले.

"अजून जोरानं म्हण ना बावा."

तिसऱ्यांदा भुपेंद्र ओरडलाच. शेजारचे दार उघडले, पलीकडच्या ओळीतली माणसे बाहेर आली. गुलाबभाऊंनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, मग मान हलवली. "हं. आता आलं ऐकू. जा."

मित्रांनो, गुलाबभाऊंचे कान ठणठणीत आहेत. डब्याचे झाकण नुसते करकरले, तरी ते आतल्या खोलीतून विचारतात, "कोण उघडून राहिलं?"

क्षमा थोर असते, हे मीही ऐकले आहे. पण चिखलात मी पडलो होतो, म्हणून तुम्हाला क्षमेचा धडा माझ्याकडून मिळणार नाही. मी एवढेच मागतो, की आम्हाला हातात घेण्याआधी हात धूत जा. आणि हरलात, तर पाने खाली ठेवा आणि उठा. आमचा दगड करून कोणाला मारू नका.