नळावरची साक्ष

"चप्पल काढू नको," जयवंता उंबऱ्यातूनच म्हणाली. "आत याचं नाही तुले."

रुपरावानं एक पाय चपलेतून काढला होता, तो परत घातला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला तेल, काखेत काळ्या पुठ्ठ्याचं बायबल. या धाकट्या भावाला जयवंतानं याच पायरीवर ओकताना पाहिलं होतं, शिव्या देताना पाहिलं होतं. असा धुतल्या तांदळासारखा उभा असलेला तिनं कधी पाहिला नव्हता, आणि त्यामुळे तिच्या अंगाची जास्तच आग झाली.

"बाई, मी दारू सोडली. प्रभूच्या मार्गाले लागलो. तुही माफी मागाले आलो."

"कशाची?"

"तुले माहीत हाये."

"मले माहीत हाये. तुह्या तोंडून आयकाचं हाये."

रुपरावानं मान खाली घातली. "मागच्या रविवारी प्रार्थनाघरात मंडळीपुढं साक्ष दिली मी. सगळ्याईपुढं उभा राहून सांगतलं का दाजीच्या रेशमाच्या लडी म्याच चोरल्या होत्या, अन् आळ बहिणीवर घातला. लई रडलो. लोकंही रडले."

"माहं नाव घेतलं?"

त्यानं काखेतलं पुस्तक दुसऱ्या काखेत घेतलं.

"म्हणजे घेतलं. जिथं मले कुत्रं वळखत नाही तिथं माहं नाव घेऊन तू मोकळा झाला. अन् इथं?" तिनं हात गल्लीच्या टोकाकडे केला. "इथल्या नळावर कोण सांगन? नीघ."

तिनं दार लावून घेतलं.

उमरेडला जयवंताच्या नवऱ्याचे, महादेवरावांचे, चार हातमाग होते. त्यातल्या एकावर रुपराव बसायचा. रेशमाच्या लडी कमी पडू लागल्या, चौकशी निघाली, तेव्हा आपण सापडू या भीतीनं त्यानं बहिणीकडे बोट दाखवलं. लडी बाईच रेशीम रंगवणाऱ्या रंगाऱ्याला देते, त्या दोघांचं काहीतरी आहे, असं सांगितलं. महादेवरावांनी तिला एकदाच विचारलं. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला नागपूरच्या एस.टी.त बसवून दिलं. तांडापेठेत आईच्या दारी ती उतरली, तर भाऊ तिच्या आधी पोचलेला. पिऊन तर्र, गल्लीच्या नळावर बायांपुढे हात नाचवत तो तीच कथा सांगत होता. त्याला अठरा-वीस वर्षं झाली. आई गेली, भाऊ कुठेतरी भटकत राहिला, आणि जयवंता दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत त्याच घरात राहिली. नळावर तिच्या घागरीला कोणी आपली घागर लागू देत नसे.

रविवारी ती चालत धरमपेठेला गेली. भांडायलाच गेली. नाल्याकाठी रुपरावाच्या मंडळीचं पत्र्याचं छोटं प्रार्थनाघर होतं. दारात उभी राहिली तेव्हा ईश्वरदास नावाचा म्हातारा, वाळका पाळक बोलत होता.

"रडणं म्हणजे पश्चात्ताप नाही गा. रडून आपलं मन हलकं होते, पण ज्याचं नुकसान केलं त्याले काय भेटलं? त्याच्या दारात घाण टाकली असन तर पहिले त्याचं दार धुवा. बायकोले मारलं असन तर पहिले तिच्यापुढं बसा. मंग इथं येऊन गाणी म्हणा. विश्वास रविवारचा नसते, सोमवारचा असते."

"मंग मले सांगा!" जयवंता दारातूनच ओरडली. सगळ्या माना वळल्या. "मी या रुपरावाची बहीण. त्याले तुम्ही माफ केलं म्हणते. तुम्ही कोण माफ करणारे? घर माहं मोडलं. वीस वर्षं थुंकी माह्या अंगावर पडली. अन् माफी तुम्ही वाटून राहिले!"

कोणीतरी तिला बाहेर न्यायला उठलं. पाळकानं हातानं थांबवलं. तो आता ओरडेल, देवाचं नाव घेऊन आपल्याला गप्प करेल, म्हणून ती पदर खोचून तयारच होती.

"बाई, तुमच्या वतीनं माफ कराचा हक्क आमाले नाही," तो म्हणाला. मग रुपरावाकडे वळला. "हे खोटं तू कुठं बोलला होता?"

"नळावर. अन् उमरेडले."

"अन् खरं कुठं बोलला?"

"इथं," रुपराव पुटपुटला.

"खरं बोलला, पण सोयीच्या जागी बोलला," पाळक म्हणाला. "उद्या नळावर जा."

जयवंता तशीच मागे फिरली. भांडायला आलेल्या बाईचं भांडणच कोणी काढून घ्यावं तसं तिला झालं होतं, आणि त्या म्हाताऱ्याचाही तिला राग येत होता.

सोमवारी सकाळी नळ आला आणि घागरींची रांग लागली. रुपराव येऊन उभा राहिला. आज इस्त्री नव्हती. जयवंता रांगेच्या शेवटी, नेहमीसारखी हातभर अंतर सोडून उभी होती.

"आयका," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "माही बहीण निर्दोष हाये. लडी म्या चोरल्या. तिचं अन् रंगाऱ्याचं काहीच नव्हतं. म्या खोटं बोललो, इथंच उभा राहून."

शेजारची गोपिका फिसकन हसली. "कोणं पढवलं गा तुले? त्या पाळकानं?"

"फुकटच्या गव्हासाठी धरम बदलवला यानं," ओट्यावर तंबाखू मळणारे भैयाजी म्हणाले. "आज बहिणीसाठी बोलून राहिला. उद्या तिलेही घेऊन जाईन तिकडं. चाल, नीघ इथून!"

"मी खरं सांगून राहिलो भैयाजी!"

"ज्यानं आपला देव सोडला त्याच्या खऱ्याचा काय भरवसा?"

कोणीतरी नळाखालचा चिखल उचलून फेकला. तो त्याच्या गालावर बसला. दुसरा गोळा सदऱ्यावर. रुपरावानं पुसला नाही. पुन्हा पहिल्यापासून बोलू लागला, "माही बहीण निर्दोष हाये…"

जयवंता रांगेतून बघत होती. दारू पिऊन, तोंडाला फेस आणून तो खोटं बोलला तेव्हा यातल्या एकीनंही विचारलं नव्हतं की कोणं पढवलं. आज शुद्धीत खरं बोलत होता, तर कोणाला ते नकोच होतं. खरं मानलं असतं तर त्या सगळ्यांना तिच्यापुढे खाली बघावं लागलं असतं.

ती रांग सोडून पुढे झाली. घागरी घेतलेल्या बायांच्या मधून गेली आणि आपली घागर नळाखाली ठेवली. गोपिका काही बोलणार होती, पण जयवंतानं तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरली. घागर काठोकाठ भरली. कमरेवर घेऊन ती भावाला म्हणाली, "झालं. चाल."

पायरीशी आल्यावर तिनं घागर उतरवली. "आता उमरेडले चाल. आजच्याच गाडीनं. माह्या नवऱ्यापुढं सांग."

रुपराव पायरीखालीच थांबला.

"काहून? जीव गेला काय?"

"उमरेडले जाऊन आलो बाई. साक्षीच्या आधीच गेलो होतो." चिखल त्याच्या ओठांवर वाळत होता. "दाजी पौषातच गेले. आयकाले तेच नाही राहिले."

"अन् तू मले आज सांगून राहिला?"

"हिंमत नाही झाली."

"नळावर झाली, अन् माह्यापुढं नाही झाली."

ती आत गेली. खुंटीवरच्या आरशापुढे उभी राहिली. ज्या माणसानं एका शब्दावर तिला एस.टी.त बसवलं होतं, त्याच्या नावाचं कुंकू तिनं एवढी वर्षं रोज लावलं होतं. आपण सुटलो की लुटलो गेलो, हे तिला कळेना. पदराच्या टोकानं तिनं कपाळ पुसलं. कुंकू निघालं, पण त्याखालची कातडी बाकी कपाळापेक्षा उजळ, गोल, तशीच राहिली.

बाहेर रुपराव अजून उभा होता. तिनं घागरीतून तांब्या भरला आणि त्याच्या हातात न देता पायरीवर ठेवला.

"तोंड धू," ती म्हणाली.

माफ केलं असं म्हणाली नाही, आत ये असंही म्हणाली नाही. तो वाकून तोंड धूत होता, तोवर मात्र ती दार उघडं ठेवून उंबऱ्यात उभी राहिली.