दाता वाटेवर आहे

"हॅलो, प्रसेनजित निघाले का घरून?"

जनकाबाईंचे हात बेसनानं भरले होते. फोन त्यांनी दोन बोटांत धरून कानाला लावला होता. फळीवरचा हा फोन मुलाचा. मुलगा डेंग्यूनं गेला त्याला दोन वर्षं होत आली होती, तरी जनकाबाई त्या फोनचा रिचार्ज कधी चुकू देत नव्हत्या. का, ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"कोन बोलून राह्यलं?"

"म्या उत्तमराव, बीबी गावचा. इथं चिखलीलाच दवाखान्यात हाओत आम्ही. पोरगी बाळंत झालीय, तिला रक्त पाहिजे. मोबाइलात दाखवायलंय, दाता वाटेवर आहे म्हनून. कव्हाचा फाटकात उभा हाये. कुठवर आले ते?"

"कोन कुठवर आलं?"

"प्रसेनजित. ओ निगेटिव्हवाले. तुम्ही त्यांच्या घरच्याच ना?"

"मी त्याची माय."

"मंग माय, त्याच्याजवळ दुसरा फोन असंल तर त्यावर सांगा ना, जरा दामटून ये म्हना. पोरगी पांढरीफट पडलीय."

माझा मुलगा नाही आता, एवढंच जनकाबाईंना सांगायचं होतं. त्या होत्या तिथंच ओट्याला टेकून खाली बसल्या आणि मग सगळा जोर लावून ओरडल्या, "सारिकाऽऽ!"

सारिका आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली होती. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती चिखलीतून करायची. घरात आता या दोघीच, म्हणून तिनं पुण्याला राहायचं सोडलं होतं. आई तिच्याकडे न पाहता म्हणाली, "कोनी मानूस आहे. म्हनून राह्यला, प्रसेनजित वाटेवर आहे."

सारिकानं फोन घेतला. पलीकडचा माणूस पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून सांगू लागला. "दाता वाटेवर आहे" हे शब्द आले. ते शब्द तिनंच लिहिले होते.

कंपनी रक्तदात्यांचं एक अ‍ॅप करत होती. दवाखान्यानं रक्तगट टाकायचा, जवळचे दाते दिसायचे, 'बोलवा' दाबलं की दात्याला निरोप जायचा. अ‍ॅपचे पडदे, म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते सगळं, पुण्यातली मंडळी बनवत होती, आणि दात्यांची माहिती सांभाळणारा खरा सर्व्हर दुसऱ्या गावची मंडळी. खरा तयार व्हायला वेळ होता. तोवर पुणेवाल्यांनी हात बांधून बसू नये म्हणून मधे एक नकली सर्व्हर ठेवायचा असतो. अ‍ॅपनं काहीही विचारलं की तो ठरलेलं उत्तर देतो. त्याच्याकडे दाते नसतात, दवाखाने नसतात, काहीच नसतं, नुसती उत्तरं असतात. त्या उत्तरांवर पडदे जुळवून पाहायचे, आणि खरा सर्व्हर आला की आत लिहिलेला सर्व्हरचा पत्ता बदलायचा. तो नकली सर्व्हर सारिकाचं काम होतं. कुठलाही रक्तगट विचारा, तो तीन नावं द्यायचा. कुणालाही बोलवा, तो सांगायचा : दाता वाटेवर आहे.

दोन नावांपुढे तिनं मनचे आकडे टाकले होते. तिसरा नंबर मात्र खरा लागणार होता, कारण अ‍ॅपमधून फोन लागतो की नाही हे ऐकून पाहायचं होतं. आई अंगणवाडीत कामाला गेली की सारिका बटण दाबायची आणि फळीवरचा फोन वाजायचा. नंबर प्रसेनजितचा, म्हणून नावही त्याचंच लिहिलं. रक्तगटही.

"काका," ती म्हणाली, "ते अ‍ॅप तुम्हाले कोनी देलं?"

"दवाखान्यातल्या सिस्टरनं. नवीन आलंय म्हने. का, काय झालं?"

"काका, कोनी येऊन नाही राह्यलं. ते खोटं आहे. तुम्ही दुसरीकडं फोन लावा, आत्ताच्या आत्ता. सगळीकडं लावा."

उत्तमराव हळूच म्हणाले, "अहो पन इथं तर लिवलंय."

"हाव काका. लिहिलं आहे, पन खोटं आहे. मी त्याची बहीन बोलून राह्यली. माझा भाऊ वारला."

फोन ठेवून ती आतल्या खोलीत धावली. तिनं लॅपटॉपवर सर्व्हरची नोंद उघडली. कोण काय विचारतंय, ते तिथं ओळीओळीनं उमटत असतं. रोज तिथं फक्त पुण्याच्या ऑफिसचा पत्ता दिसायचा. आज त्यात अनोळखी पत्ते होते. ती बघत असतानाच खाली एक नवी ओळ आली. कुणीतरी बी पॉझिटिव्ह विचारलं होतं. लगेच दुसरी ओळ : प्रसेनजितला बोलावलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या सर्व्हरनं उत्तर दिलं, दाता वाटेवर आहे.

तिनं करिष्माला फोन लावला. करिष्मा तिची टीम लीड, पुण्यात बसायची.

"मॅडम, अ‍ॅप बाहेर कुणाला दिलंय का?"

"अगं, चार-पाच दवाखान्यांना नुसतं बघायला दिलंय. सेल्सवाल्यांनी कालच पाठवलं. का?"

"ते माझ्या मॉक सर्व्हरवर चालतंय, मॅडम. पत्ता कुणी बदललाच नाही. लोक खरोखर रक्त मागतायत. मी सर्व्हर बंद करतेय."

"थांब, थांब. बंद नको करूस. आज दोन्ही टीम त्याच्यावर काम करतायत, दुपारी क्लायंटला दाखवायचंय. मी सेल्सला सांगते, ते दवाखान्यांना कळवतील..."

"मॅडम, इथे एक बाई बाळंतपणात रक्त जाऊन पडलीय. तिचे वडील फाटकात उभे राहून माझ्या भावाची वाट बघतायत. माझा भाऊ वारलाय, मॅडम. तुम्हीच रजा दिली होती मला."

सारिका उत्तरासाठी थांबली नाही. तिनं सर्व्हर बंद केला. सरकणाऱ्या ओळी थांबल्या. पुण्यात त्या क्षणी सगळ्यांच्या पडद्यांवर एररची खूण आली असणार.

"केलास?" करिष्मानं विचारलं.

"हो."

"बरं केलंस." तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "मी एकेका दवाखान्याला स्वतः फोन करते. सेल्सवाल्यांवर नाही सोडत. तू तिकडे जा."

सारिका बाहेर आली. आईच्या हातावरचं बेसन वाळून त्याला भेगा गेल्या होत्या.

"आई, माझं रक्त नाही चालत त्या बाईले. तुझं बी नाही."

"वडनेरच्या पोराचं चालते," जनकाबाई म्हणाल्या.

"कोन्या?"

"प्रेमानंद. वडनेर भोलजीचा. दोघांचं एकच रक्त होतं न वं. रक्त देयाले संगंच जात. मंग घरी येऊन माझ्या हातचे बेसनाचे धिरडे खात." त्यांनी मुलाच्या फोनकडे पाहिलं. "प्रसेनजित गेला तवापासून तो आला नाही. आता बुलढान्याले ट्रॅक्टरच्या शोरूममधी मिस्तरी आहे म्हनतात. याच फोनात असंल पाह्य."

नंबर होता. लावला तर पहिल्याच रिंगला उचलला, आणि पलीकडे शांतता. मेलेल्या मित्राचं नाव पडद्यावर उमटलेलं पाहून प्रेमानंद काय बोलणार? सारिकाच्या ते उशिरा ध्यानात आलं.

"मी सारिका, दादा. प्रसेनजितची बहीन."

"हाव," तो कसाबसा म्हणाला. "बोल, ताई."

तिनं चार वाक्यांत सांगितलं. नकली सर्व्हर वगैरे काही नाही, फक्त रक्तगट आणि दवाखान्याचं नाव. त्यानं काही विचारलं नाही. "गाडी काढतो," एवढंच म्हणाला.

मायलेकी रिक्षानं निघाल्या. वाटेत सारिकानं आईला नकली सर्व्हरचं सगळं सांगितलं. बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे रिक्षा अडकली तेव्हा जनकाबाई बोलल्या.

"तू त्याले काऊन ठेवलं त्यात?"

"फोन वाजते का, ते पाहाचं होतं, आई."

"दुसरं नाव ठेवाचं होतं."

"हाव."

"तो मानूस म्हने, निघाला." जनकाबाई समोरच्या ट्रॅक्टरकडे पाहत होत्या. "आन मी दाराकडं पाह्यलं, सारिका. मले समदं ठाऊक असून मी दाराकडं पाह्यलं."

सारिकानं आईचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही आणि आपणहून धरलाही नाही.

दवाखान्याच्या फाटकात उत्तमराव उभेच होते. धोतर, पांढरी टोपी, हातात पाण्याची बाटली, तिचं झाकण सारखं उघडत-लावत होते. रक्तपेढीत या गटाची एकच पिशवी होती, ती चढवून झाली होती. अजून लागणार होतं. खोटं कळेपर्यंतच्या वेळात त्यांनी कुठंच फोन केला नव्हता. कशाला करतील? दाता निघालाय म्हटल्यावर दुसऱ्याला कशाला त्रास, असं पोरीच्या, सुवर्णाच्या, सासूलाही त्यांनी समजावलं होतं.

"तुम्हीच का माय?" त्यांनी विचारलं.

जनकाबाईंनी मान हलवली.

"मला नव्हतं ठाव." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "म्या तुमच्या पोराला लवकर ये म्हनलं."

"तुम्हाले काय ठावूक," जनकाबाई म्हणाल्या. "येऊन राह्यला एक पोरगा. बसा तुम्ही. पानी प्या."

प्रेमानंद आला तो शोरूमच्या निळ्या कपड्यातच. सारिकानं त्याला शेजारच्या रक्तपेढीत नेलं. तपासणी, रक्त काढणं, पुन्हा तपासणी, सगळ्याला वेळ लागतो. तो वेळ उत्तमरावांनी उभ्यानंच काढला. पिशवी वरच्या वॉर्डात गेली. दुपार कलताना डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की रक्तस्राव थांबलाय, आज रात्र इथंच लक्ष ठेवू, पण आता भीती वाटत नाही. बाळ मुलगी होती, ती सकाळपासूनच ठणठणीत होती. तिच्याकडे बघायला कुणाला सुचलं नव्हतं. उत्तमराव भिंतीला धरून खाली बसले आणि टोपीत तोंड खुपसून रडले.

करिष्माचा फोन आला. बी पॉझिटिव्ह मागणाऱ्यांना रक्त मिळालं होतं. इतरांनी नुसतं उघडून पाहिलं होतं. "आज इथे कुणाचंच काम झालं नाही," ती म्हणाली. "सगळे तुझा सर्व्हर परत कधी सुरू होतोय म्हणून विचारत होते. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. मग कुणी विचारलं नाही."

"उद्या सुरू करते," सारिका म्हणाली. "प्रत्येक उत्तरात 'हे खोटं आहे' असं लिहीन. आणि नावं नसतील, मॅडम."

ती रक्तपेढीत परत आली तेव्हा प्रेमानंद खाटेवर उठून बसला होता. बिस्किटाचा पुडा तसाच मांडीवर. जनकाबाई त्याच्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या आणि सुई काढलेल्या जागेवरचा कापूस अंगठ्यानं दाबून धरला होता.

"मावशी, मी येयाले पाह्यजे होतं," तो खाली मान घालून म्हणत होता. "घराच्या वळणापर्यंत दोनदा आलो. तुमच्यापुढं एकट्यानं कसं उभं राहावं, समजे नाही."

"आता आला ना."

रक्तपेढीचा माणूस जाता जाता डोकावला. "बाई, सोडा आता. कव्हाचं थांबलं रक्त."

जनकाबाईंनी मान हलवली, पण अंगठा काढला नाही. प्रेमानंदनंही हात मागे घेतला नाही. त्या तरुण हाताची नाडी त्यांच्या बोटांखाली चालली होती, आणि त्या ती ऐकत असल्यासारख्या बसून होत्या.