टिंबाचा पहिला घोट

पोर दिवस भरायच्या फार आधी आली, तीही एवढीशी. म्हणून आजीनं तिला टिंब म्हणायला सुरुवात केली. दूध ओढायचं, गिळायचं आणि मध्ये श्वासही घ्यायचा, ही तीन कामं टिंबाला एकत्र जमत नव्हती. आईचं दूध नाकातल्या नळीतून तिच्या पोटात जाई. तोंडानं पिता आल्याशिवाय घरी जायचं नाव नव्हतं, आणि आईचे डोळे तर घराकडेच लागलेले.

सकाळी सिस्टर म्हणाल्या, "आज नुसता सराव. एका बाजूचं दूध सगळं काढून घ्या आणि त्याच रिकाम्या बाजूला तिला धरा. दूध आलं तर ठसका लागेल, बरं का."

टिंबाची आजी, म्हणजे आईच्या सासूबाई, पडद्यापाशी पहाऱ्याला बसल्या. "झालं का गं? की वाटीला मुहूर्त हवाय?"

"आई, हसवू नका हो, सांडेल!"

वाटी भरली. हसू आवरत आईनं टिंबाला छातीशी घेतलं. पोरीनं ओठ लावले, चोखलं, आणि घशात बारीकसं 'गुटुक' झालं.

आई ओरडली, "सिस्टर! अहो, मी बाजूच चुकले! ही भरलेली आहे!"

ती पोरीला छातीपासून दूर करणार, तोच सिस्टरांनी तिचा हात धरला. टिंबाच्या ओठांचा रंग न्याहाळत त्या वाकल्या. "थांबा. बघा तरी."

टिंब थांबली होती. छाती वर-खाली होत होती. मग तिनं पुन्हा ओढलं. गुटुक. पुन्हा थांबली, श्वास घेतला.

"अगं बाई, जमलं की हिला!" सिस्टर म्हणाल्या.

"बापाचीच लेक," सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "सरावाला दांडी, थेट परीक्षेला हजर!"

आई इतकी हसली, की टिंबाचं तोंड सुटलं. पोरीनं कपाळाला आठी घातली आणि रागारागानं पुन्हा शोधाशोध सुरू केली.

"नळी आज निघणार नाही," सिस्टर म्हणाल्या, "पण असंच पीत राहिली तर घरच्या तयारीला लागा."

सासूबाईंनी तेवढ्यात फोन काढलासुद्धा. सुनेनं विचारलं, "कुणाला लावताय, आई?"

"तुझ्या नवऱ्याला. पाळण्याचा स्क्रू उद्या आवळतो, परवा आवळतो म्हणत बसलाय. म्हणावं, ऊठ आता!"

पलीकडून तो काय म्हणाला, ते आईला ऐकूच गेलं नाही. टिंबाला सापडलं होतं.