पॉलिश केलेलं अंडं

घरात तिला सगळे चौकशी म्हणत. शाळेच्या हजेरीत नाव वेगळं होतं, पण बोलायला लागल्यापासून तिने एकही गोष्ट विचारल्याशिवाय सोडली नव्हती. त्यामुळे हजेरीतलं नाव हजेरीतच राहिलं.

सुट्टी लागली त्याच दिवशी चौकशीने जाहीर केलं, "मला कोंबड्या पाळायच्यात."

आई पुढच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसली होती. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्यामुळे तिला लगेच नाही म्हणता आलं नाही, आणि टाचण्या काढून होईपर्यंत आजोबा म्हणून गेले होते, "खुराडं मी करतो."

आजोबा कातारी होते. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, पोरांचे भोवरे, जे म्हणाल ते त्यांच्या लेथवरून गोल गरगरीत होऊन निघायचं. आता गिऱ्हाइकं थांबली होती, हात थांबले नव्हते. अशा माणसासमोर खुराड्याचं नाव काढणं म्हणजे मांजरासमोर दुधाचं नाव काढणं.

आईने टाचण्या डबीत टाकल्या आणि अट घातली. "सुट्टी संपायच्या आत आपल्या खुराड्यात अंडं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर कोंबड्या आल्या त्या टेम्पोने परत. शब्द म्हणजे शब्द. आणि पहाटे आरवायचं नाही."

"आई, कोंबड्या आरवत नाहीत. कोंबडा आरवतो."

"तरी सांगून ठेव त्यांना."

कोंबडीवाला टेम्पोतून तीन तलंगा घेऊन आला. तलंग म्हणजे अंड्यावर यायला टेकलेली कोंबडी. त्याने चौकशीला दाखवलं, "हा तुरा बघ, अजून फिका आहे. लाल भडक झाला, की आज-उद्या अंडं आलंच समज. नाही जमलं तर सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी येतो आणि घेऊन जातो."

पहिली सारखी पळत असे, तिचं नाव धांदल पडलं. दुसरी उन्हात उभ्या उभ्या डोळे मिटायची, ती डुलकी. तिसरी पाय उचलून, चिखल टाळून, मान ताठ ठेवून चालायची. तिला पाहून आजोबाच म्हणाले, "या, बाईसाहेब."

पहिल्या संध्याकाळी चौकशीने खुराड्यात जुनी उशी ठेवली, तिच्यावर घडी केलेली चादर घातली आणि तिघींना सांगितलं, "झोपा." तिघींनी बिछान्याकडे एकदा पाहिलं आणि बाबांच्या सायकलवर जाऊन बसल्या. एक हँडलवर, एक सीटवर, एक कॅरियरवर.

बाबा शाळेची बस चालवत, त्यामुळे सुट्टीत तेही घरीच होते. ते बाहेर येऊन म्हणाले, "ही गाडी इथपर्यंतच. सगळ्यांनी उतरून घ्या." कोणी उतरलं नाही. बाबा म्हणाले, "अगदी आमच्या बसमधली पोरं!"

"आजोबा, त्या गादीवर का झोपत नाहीत?"

"मला काय विचारतेस? मी काय कोंबडी आहे? कोंबडीला विचार."

आजोबांची शिकवायची रीतच तशी. मुलांना उत्तर फुकट मिळालं तर ते खिशातून कुठेतरी पडून जातं, असं त्यांचं मत होतं. चौकशी सायकलशेजारी उकिडवी बसली आणि बघत राहिली. बऱ्याच वेळाने ओरडली, "बोटं! त्यांनी बोटांनी हँडल आवळून धरलंय! त्यांना झोपताना धरायला दांडी लागते!"

"बघ, सांगितलं की नाही कोंबडीने?" आजोबा म्हणाले आणि दांडी बसवायला लागले.

पाण्याचं हलकं भांडं त्या उलटं का करतात, खाल्ल्यावर बारीक खडे का टिपतात, हे सगळं चौकशीने याच रीतीने शोधून काढलं. दुपारी ती धांदलला मांडीवर घ्यायची. पळपुटी धांदल तिच्या मांडीवर मात्र गप्प बसायची. आई मशीनवरून हे खिडकीतून बघायची आणि शिवण वाकडी गेली की स्वतःवरच चिडायची.

शेजारच्या काकू तर पहिल्या दिवसापासून चिडलेल्या होत्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या. रात्रभर ड्युटी करून सकाळी झोपायच्या, आणि नेमकी तेव्हाच या तिघींची पंचायत भरायची. काकू कुंपणावरून डोकं काढून म्हणायच्या, "अहो, सांगा त्यांना काहीतरी! एक दिवस मी तिघींनाही भूल देईन, मग म्हणू नका!"

हळूहळू तुरे लाल झाले. बाईसाहेबांचा तर असा, जणू लिपस्टिक लावून बाहेर निघाल्यात. अंडं मात्र नाही.

"नव्या कोंबडीला जागा दाखवावी लागते," आजोबा म्हणाले. "अंडी घालायच्या पेटीत आधीच एक अंडं असलं, की तिला वाटतं, इथे कोणीतरी घातलंय, म्हणजे जागा बरी असणार. माणसंही गर्दी बघूनच दुकानात शिरतात की. त्यासाठी लाकडाचं अंडं चालतं."

झालं! लाकडाचं अंडं आणि समोर कातारी. आजोबांनी ते लेथवर चढवलं, घासलं, पांढरा रंग दिला, पुन्हा घासलं आणि वर पॉलिशचा हात मारला. अंडं असं उतरलं, की बाबांनी ते तव्याच्या कडेवर आपटून पाहिलं. तव्याला पोचा आला, अंड्याला नाही. आजोबांची छाती फुगली.

मग त्या अंड्यापुढे पेटी दरिद्री दिसायला लागली. म्हणून आजोबांनी पेटीला कोरीव पट्टी लावली आणि तिलाही आतून-बाहेरून पॉलिश दिलं. एक हात, मग दुसरा हात, मग राहवेना म्हणून तिसरा.

बाबा म्हणाले, "अण्णा, ह्यात कोंबड्या कशाला? मीच राहतो."

पेटी खुराड्यात बसली. बाईसाहेब पाहणी करायला आल्या. त्यांनी मान लांब केली, आत डोकावल्या, डोकं झटकलं आणि मागच्या मागे निघून गेल्या.

"लाजतेय," आजोबा म्हणाले. "होईल सवय."

सवय काही होईना. आजोबा रोज सकाळी पेटीत हात घालायचे आणि आपलंच अंडं बाहेर काढून पुन्हा आत ठेवायचे. चौकशीचे प्रश्नही कमी झाले. घरात ते सगळ्यांच्या लक्षात आलं, कारण घड्याळ बंद पडलं की जसं घर गप्प वाटतं, तसं झालं होतं.

नवल एकच. काकूंची तक्रार थांबली. एवढंच नाही, तर त्या कुंपणावरून दाणे टाकायला लागल्या. "राहू द्या हो बिचाऱ्यांना," त्या आईला म्हणाल्या. "त्यांचा आवाज कानावर पडला, की कशी छान झोप लागते!"

शेवटचा रविवार उजाडला. चौकशी खुराड्यात गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. सगळे धावले. पेटीत लाकडी अंड्याशेजारी दोन अंडी होती.

"बघा!" बाबा म्हणाले. जरा जास्तच मोठ्याने म्हणाले.

"वा! घातली म्हणायची," आई म्हणाली. तीही जरा घाईनेच म्हणाली.

चौकशीने दोन्ही अंडी गालाला लावून पाहिली. मग ती आत गेली आणि एकेक अंडं टेबलावर ठेवून बोटांनी फिरवलं. भोवरे करताना आजोबांनीच तिला शिकवलं होतं, की जे आतून घट्ट असतं ते नीट फिरतं. पहिलं अंडं डगमगत एक गिरकी घेऊन आडवं झालं. दुसरं मात्र भोवऱ्यासारखं गरगर फिरत राहिलं.

"आई," चौकशीने विचारलं, "आपल्या कोंबड्या उकडलेलं अंडं घालतात?"

बाबांना राहवलं नाही. "उकडलेलं माझं नाही हं! मी फ्रिजमधलं कच्चं ठेवलं होतं!"

मग सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "माझं लाकडाचं आहे, त्यावर माझी सही आहे."

आता सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने खांद्यावरची टेप काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली. "ओट्यावर भांड्यात अंडी होती," ती म्हणाली. "घाईत काय कळतंय कुठलं कच्चं आणि कुठलं उकडलेलं?"

"अगं, पण अट तर तूच घातली होतीस!" बाबा म्हणाले.

"घातली होती. म्हणून तर लपून ठेवलं ना!"

सगळे हसले. चौकशी हसली नाही. "पण मग अंडं आलेलंच नाही," ती म्हणाली. "आणि शब्द म्हणजे शब्द."

आता आईलाच रडू यायची वेळ आली. आपला शब्द आपल्याच लेकीने इतका नीट पाठ करावा! टेम्पो यायला फार अवकाश नव्हता. आजोबा बराच वेळ डोकं खाजवत राहिले आणि म्हणाले, "मला आता काही सुचत नाही बुवा."

"मग मी कोंबडीला विचारते," चौकशी म्हणाली आणि खुराड्याचं दार उघडून बाईसाहेबांच्या मागे चालू लागली.

बाईसाहेब पेटीला लांबून वळसा घालून गेल्या. झुडपापाशी थांबल्या, इकडे तिकडे पाहिलं, आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे शिरल्या. चौकशीही पोटावर सरपटत शिरली. काकूंच्या मागच्या दाराशी धुण्याची जुनी वेताची टोपली पडली होती, तिच्यात मऊ झालेली फडकी. बाईसाहेब तिच्यात चढल्या, गोल फिरल्या आणि बसल्या. दारात काकू उभ्या होत्या. हातात रिकामा तवा.

"काकू!"

"श्श! हळू बोल. त्यांचं चित्त विचलित होतं." मग काकूंना कळलं, की आपल्या हातात तवा आहे. "मला वाटलं, तुम्ही शेजारधर्म म्हणून पाठवताय."

"रोज?"

"तिघीही येतात गं. पाळीपाळीने."

चौकशीला काकूंवर रागवायला वेळच नव्हता. "काकू, टेम्पो येतोय. आमच्या खुराड्यात अंडं नाही दिसलं, तर तिघीही परत जाणार."

काकूंनी तवा खाली ठेवला. कोंबड्याही जाणार आणि अंडीही जाणार, हा हिशेब त्यांनी पटकन केला. "अंडं पडायला अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "बाबांना बोलव. आपण पेशंट हलवू."

बाबांनी टोपलीची एक बाजू धरली, काकूंनी दुसरी. "झटका नको! पायांत पाय अडकवू नका! पेशंट घाबरता कामा नये," काकू दबक्या आवाजात हुकूम सोडत होत्या. टोपलीत बाईसाहेब डोळे अर्धे मिटून अशा बसल्या होत्या, की मिरवणूक आपलीच आहे हे त्यांना आधीपासून माहीत असावं. फाटकातून वरात आत आली. आजोबांनी खुराड्याचं दार धरलं. टोपली आत टेकवली.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"हॉर्न नको!" बाबा आयुष्यात पहिल्यांदाच कोणा ड्रायव्हरला असं म्हणाले. कोंबडीवाला आत आला आणि चार माणसं आणि एक मुलगी खुराड्यासमोर श्वास धरून उभी असलेली पाहून तोही गुपचूप त्यांच्यात उभा राहिला.

बाईसाहेब उठल्या. जरा थरथरल्या. मग टोपलीच्या काठावर चढून त्यांनी असा काही गलका केला, की काकू झोपलेल्या असत्या तर त्यांची झोप उडालीच असती.

चौकशीने आत हात घातला. अंडं लहान होतं, आणि इतकं ऊबदार, की तिने ते आधी गालाला लावलं आणि मग आईच्या गालाला लावलं. आईने ते आत नेलं आणि स्वतः टेबलावर ठेवून अलगद फिरवून पाहिलं. अंडं डगमगलं आणि आडवं झालं.

"कच्चं आहे," आई म्हणाली. "आणि आपल्या खुराड्यातलं आहे. शब्द म्हणजे शब्द." टेम्पो रिकामा गेला.

मग चौकशी आजोबांपाशी जाऊन बसली. तिचे प्रश्न परत आले होते. "आजोबा, पेटी करताना तुम्ही कोंबडीला विचारलं होतं?"

आजोबांनी पेटी उचलून नाकाशी धरली. "मला तर कसलाच वास येत नाही गं."

"मला येतो. डोळ्यांतून पाणी येईल इतका. बाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी डोकं झटकलं होतं. तुम्ही म्हणालात, लाजतेय."

जन्मभर पॉलिशच्या वासात वावरलेल्या नाकाला पॉलिशचा वास कुठून येणार? आजोबांनी लाकडी अंडं कौतुकाने एकदा हातात फिरवलं, खिशात ठेवलं, आणि पॉलिशपेपरचा तुकडा शोधून पेटी घासायला बसले. चौकशीनेही एक तुकडा घेतला.

कुंपणावरून काकूंचं डोकं वर आलं.

"घाई नाही हो अण्णा," त्या म्हणाल्या. "सावकाश घासा. तोवर माझी टोपली माझ्याकडे पाठवून द्या."